सडक्या चाऱ्यातून आलेली गोळी

फेब्रुवारी १९३३. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळात तीनशेएक किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला पोहोचला. गाडीत मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त. ते रक्त गोठतच नव्हतं. शनिवार असल्याने पशुवैद्यकाची कचेरी बंद होती, म्हणून तो विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत शिरला.

रोग नवा नव्हता. बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर खाऊन गुरं रक्तस्रावाने मरतात, हे कॅनडात फ्रँक स्कोफिल्ड यांनी दहाएक वर्षांपूर्वीच ताडलं होतं. पण त्या चाऱ्यात नेमकं काय आहे, ते कुणाला सापडलं नव्हतं. लिंक यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षं खपून १९३९ मध्ये त्याचे स्फटिक वेगळे केले. तेच डायकुमरॉल. त्याचाच जास्त जहाल भाऊबंद १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आला, तो वॉरफरिन.

माणसाला हे द्यायचं म्हटल्यावर डॉक्टर बिचकले. १९५१ मध्ये एका अमेरिकी सैनिकाने जीव द्यायला वॉरफरिन खाल्लं, आणि तो व्हिटॅमिन के मिळाल्यावर वाचला. उतारा आहे, एवढं कळल्यावर भीती ओसरू लागली. १९५४ मध्ये औषध म्हणून परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं.

रक्त गोठवणारी काही प्रथिनं तयार करायला यकृताला व्हिटॅमिन के लागतं. वॉरफरिन त्याचा पुनर्वापर अडवतं. याचा मोठा उपयोग एट्रियल फिब्रिलेशन या ठोके बिघडण्याच्या विकारात होतो. त्यात अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, नीट आकुंचन न पावता नुसतं थरथरतं, डाव्या अलिंदाच्या खोबणीत रक्त साचून गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. वॉरफरिन तो जवळपास दोन तृतीयांशाने घटवतं. ॲस्पिरिन फार तर पाचव्या हिश्श्याने.

मात्र माप जास्त झालं तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून रक्त किती सावकाश गोठतं ते सांगणारी आयएनआरची तपासणी: आकडा बहुतेकांचा २ ते ३ मध्ये हवा. व्हिटॅमिन के असलेली पालक, मेथी सोडायची गरज नाही, पण आज जुडीभर आणि उद्या काहीच नाही, असं करू नये. दुसरं कुठलंही औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

२०१० पासून डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबान, एपिक्साबान ही नवी औषधं आली. आयएनआरचा फेरा सुटला, मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका घटला. मूत्रपिंडांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण पुष्कळ. त्यांच्यासाठी जुनंच औषध सरस, हे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. धातूची कृत्रिम झडप असलेल्यांनाही वॉरफरिन किंवा त्याच कुळातलं ॲसिनोकुमरॉलच घ्यावं लागतं.

‘उंदराचं औषध’ ऐकून घाबरून कित्येक घरांत ही गोळी परस्पर बंद होते, याचं मला फार वाईट वाटतं. ठोके औषधांनी किंवा ॲब्लेशन या प्रक्रियेने ताळ्यावर आले तरी गोळी थांबवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात पाहूनच ठरतं. भीती वाटत असेल तर ती डॉक्टरांसमोर बोलून दाखवा, आयएनआरचे कागद पुढ्यात ठेवा, आणि मग काय ते ठरवा.