सोवळ्यासकट
भाऊबीजेला मुरबाडहून शहापूरला बहिणीकडे जाताना आसनगावापाशी नाशिकची गाडी दिसली, की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. मुंबई आणि नाशिकजवळचे त्यांचे माहेर जलालपूर, यांमधला हाच लोहमार्ग. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पत्नी नांदायला आली नाही, तर ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याला ते लग्न मोडून दुसरे करण्याची वाट १८६६ च्या कायद्याने मोकळी होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ख्रिस्ताला सोडले नाही नि बाईंनाही. मला तर बाप्तिस्म्याहून हे थांबणेच कठीण वाटते! चारपाच वर्षांनी बाई नगरला आल्या, त्या आपल्या सोवळ्यासकट. टिळकांनी ते चालवून घेतले. १९०० साली बाईंनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला.