कुंभाराचे गाढव आणि एक सर्पिल दीर्घिका

न्यायदर्शनातली व्याप्ती आपल्याला ठाऊक आहे: जिथे धूर, तिथे अग्नी. खगोलशास्त्रज्ञांचीही अशीच एक व्याप्ती होती.

काही दीर्घिकांच्या केंद्रातले महाकाय कृष्णविवर भोवतालचा वायू गिळते आणि दोन विरुद्ध दिशांना कणांचे झोत फेकते. रेडिओ दुर्बिणीला ते लाखो प्रकाशवर्षे लांब दिसतात. नियम असा, की जिथे असे झोत तिथे दीर्घिका लंबगोल. आपल्या आकाशगंगेसारखी सर्पिल नव्हे. कारणही सांगत. दीर्घिका एकमेकींवर आदळतात, तबकडी मोडते, भुजा पुसल्या जातात आणि मधली विवरे एक होऊन वाढतात. १९९८मध्ये याला एक अपवाद सापडला, पुढे आणखी मोजके.

मग २०१४ साली पुण्याच्या आयुकातले जयदीप बागची आणि सहकारी यांनी जे २३४५-०४४९ ही दीर्घिका पुढे आणली. अंतर सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षे. नाव कसले, आकाशातला पत्ताच तो! अवरक्त सर्वेक्षणाच्या यादीत ती आधीपासून होती. मग शोध कसला लागला? दृश्य प्रकाशात छान सर्पिल तबकडी, आणि रेडिओत या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ५२ लाख प्रकाशवर्षांचा पसारा. आपल्या भिवंडीत बंद दाराआडचा माग दिसत नाही, खडखडाट मात्र गल्लीभर. (रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे, दृष्टान्त तेवढ्यापुरताच घ्या.) या निरीक्षणांत जीएमआरटीचाही वाटा आहे. मालशेज चढून नारायणगावकडे गेलात की खोडदला तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या दिसतात. एकूण ३०, पंचवीसेक किलोमीटरांत पसरलेल्या.

हेतू आहे, साध्य नाही. नैयायिक याला व्यभिचार म्हणतात. हसू नका, शास्त्रातला शब्द आहे! शास्त्रज्ञांनी नियम टाकला नाही, त्यात ‘बहुतेक’ घातले. पण आमच्या मते खरा धक्का बसला तो कारणाला. इथे तबकडी शाबूत आहे, मोठ्या टकरीची खूण नाही, तरी विवर वाढलेच. नैयायिकांचे कुंभाराचे गाढव आठवा. माती त्याने वाहिली खरी, पण त्याच्यावाचूनही घट होतो, म्हणून ते घटाचे कारण नव्हे. टक्कर ही तसेच गाढव आहे का?

आणखी एक. या दीर्घिकेभोवती रेडिओ ढगांच्या दोन जोड्या आहेत, एकीच्या आत दुसरी. म्हणजे झोत एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. टक्कर नसेल, तर दुसऱ्यांदा चूल कोणी पेटवली?