तबेल्यातील म्हैस आणि वंशाची पारख

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढल्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. मुंबईच्या व्यापारावर लोहमार्गाचे काय परिणाम झाले हे सर्वज्ञात आहे. मुंबईकरांच्या दुधावर झालेला परिणाम मात्र सहसा ध्यानात येत नाही. लोहमार्गांचे जाळे गुजराथ-पंजाबपर्यंत पसरल्यावर जाफराबादी, मेहसाणा, सुरती, मुऱ्हा अशा नामांकित जातींच्या म्हशी डब्यांत चढवून मुंबईस आणणे शक्य झाले. त्या शहरातील तबेल्यांत व पुढे ठाणे-कल्याणाच्या बाजूसही बांधल्या जाऊ लागल्या.

तबेलेवाल्याचा हिशेब सरळ होता. नुकती व्यालेली, दुधाळ म्हैस विकत घ्यावयाची, वेत संपेतो धार काढावयाची आणि भाकड होताच नवी आणावयाची. शहरात वैरण महाग व जागा तोकडी. दूध न देणारे जनावर पुढील विणीपर्यंत पोसावे कोणी? पुष्कळ म्हशी कसायाकडे जात, आणि पारडे तर त्याआधीच उपासमारीने मरे. खेड्याने आपली उत्तमोत्तम म्हैस द्यावी व शहराने तिचा वंशच संपवावा, असा हा व्यवहार होता. जनावरांची जात सुधारण्याचा जो मार्ग, त्याच्या अगदी उलट दिशेने चाललेली ही निवड! एकट्या तबेलेवाल्यास दोष देणे न्याय्य नव्हे. स्वस्त दुधाची मागणी करणारी घरेही त्यात भागीदार होतीच.

सुधारणेचा खरा मार्ग दुधाच्या नोंदीतून जातो. १८९५ साली डेन्मार्कमधील वेयेन येथील शेतकऱ्यांनी संघ स्थापून प्रत्येक गाईचे दूध व स्निग्धांश नियमित मोजण्यास आरंभ केला. परंतु वळू किंवा रेडा स्वतः दूध देत नाही. त्याची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करावी लागते. त्यातही एकीस पेंड भरपूर मिळते, दुसरी वाळल्या कडब्यावर राहते. म्हणून प्रत्येकीची तुलना त्याच गोठ्यातील, त्याच ऋतूत व्यालेल्या इतर जनावरांशी करावयाची असते. दुधातील भेदाचा सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश भागच आनुवंशिक असतो. बाकी चारा, हवा व निगा यांचा प्रभाव. तबेल्यात पित्याचा पत्ता नसे, पारडी जगत नसे आणि वहीत केवळ रतिबाचा हिशेब असे. मग पारख व्हावी कशी?

१९४९ मध्ये गोरेगावनजीक आरे वसाहत उभी राहिली. दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या खटपटीने शहरातील हजारो म्हशी मोकळ्या जागेत गेल्या. म्हशींची मालकी खासगीच राहिली. तरी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे भाकड जनावरे सांभाळण्याची सोय झाली, ही लहानशी वाटणारी गोष्ट वंशरक्षणाच्या दृष्टीने फार मोलाची होती. सगळे तबेले मात्र हलले नाहीत. कल्याणच्या गोविंदवाडीकडील तबेले पुढेही अनेक वर्षे टिकून होते.

गाईंच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन पुढे सरसावले. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी तेथे बाएफ ही संस्था स्थापिली व गोठविलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारी नेले. परदेशी वळूंच्या संकरित कालवडींनी दूध वाढविले, हे निर्विवाद. पण कोणता वळू खरा, हे ठरविण्यास त्याच्या मुली मोठ्या होऊन विण्याची वाट पाहावीच लागे आणि त्यात पाच-सहा वर्षे सहज जात. २००९ साली अमेरिकेत वासराच्या रक्तातील जनुकांवरून त्याचे मूल्य वर्तविण्याची पद्धत अधिकृतपणे स्वीकारली गेली, तेव्हा ही प्रतीक्षा पुष्कळ आखडली. तरीही त्या वर्तविण्याचा पाया गोठ्यात मोजलेले दूधच होय. आणि भारतात आता जनावराच्या कानातील बिल्ल्यावर जो १२ अंकी क्रमांक असतो, त्याचा एक उपयोग ते दूध कोणत्या म्हशीचे व तिचा बाप कोण, हे टिपून ठेवणे हा आहे.