नळीपोषण (मज्जासंस्थेच्या विकारातील अत्यवस्थ रुग्णांचे)

शुद्ध हरपल्याने किंवा घशाचे स्नायू दुबळे झाल्याने गिळता न येणाऱ्या रुग्णाला नळीवाटे जठरात वा लहान आतड्यात अन्न देण्याचा उपचार. पक्षाघात, डोक्याला मार, गुलियन-बारी आजार आणि कीटकनाशकांची विषबाधा यांत तो विशेष लागतो. नाकातून घालायच्या नळीला ब्रिटिश वैद्य जॉन आल्फ्रेड राइल यांच्यावरून ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात.

यवतमाळ जिल्ह्यात या उपचाराचा संबंध २०१७ च्या खरीप हंगामाशी जोडला जातो. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी-मजूर रुग्णालयांत, मुख्यतः यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, दाखल झाले. जिल्ह्यात २० च्या आसपास जण दगावले. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके स्नायूंना मिळणारे चेतासंदेश बिघडवतात. अशा विषबाधेत पहिला झटका ओसरल्यावर, साधारण १ ते ४ दिवसांत, काहींना उशीवरून मान उचलता येत नाही. पाठोपाठ गिळणे आणि श्वास क्षीण होतात. श्रीलंकेतील सेनानायके व करल्लिएड्डे यांनी १९८७ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. रुग्ण पुष्कळदा शुद्धीवर असतो, पण आठवडा-दोन आठवडे व्हेंटिलेटरवर राहतो. मजुरीवर जगणाऱ्याचे शरीर बहुधा आधीच कृश. उपाशी ठेवले तर श्वसनाचे स्नायूही झिजतात आणि व्हेंटिलेटर सुटणे लांबते. त्यामुळे नळीतल्या अन्नाला औषधाइतकीच घाई हवी.

रक्तदाब सावरला की २४ ते ४८ तासांत थोड्या प्रमाणात सुरुवात करून मात्रा वाढवतात. स्थिरावलेल्या रुग्णाला रोज दर किलो वजनामागे सुमारे २५ ते ३० किलोकॅलरी आणि १.२ ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने लागतात. नुसते डाळीचे पाणी यासाठी फारच अपुरे आहे. नातेवाइकांना हे आवर्जून समजावावे लागते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायक घसरतात. विषबाधेवरील ॲट्रोपिनने आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून पोटफुगी आणि उलटीवर लक्ष ठेवतात.

नळी फुप्फुसात गेलेली नाही याची खात्री क्ष-किरणाने होते; हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकणे भरवशाचे नाही. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात आणि प्रत्येक वेळी अन्नानंतर पाणी सोडून नळी धुतात.

गिळणे परतले की चमचाभर पाण्याने चाचणी घेऊन नळी काढतात. चारेक आठवड्यांनंतरही ते न परतल्यास पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवतात. दुर्बिणीतून ती बसवण्याची रीत १९८० मध्ये प्रसिद्ध झाली.