वेल्ड केलेलं फावडं

आजचा भाग फावड्याचा आहे. जुन्या मिलिटरी जीपचा म्हणा हवं तर, पण माझ्या डोक्यात फावडंच बसलंय. का ते सांगतो.

तर झालं असं. जुलैतला रविवार. आम्ही चौघं सकाळी कोल्हापुरातनं निघालो. गाडी मित्राच्या मामांची. मिलिटरी डिस्पोजलमधली जुनी पेट्रोल जीप, मामांनी दोन वर्षं खपून उभी केलेली. रंग सोडला तर सगळं ओरिजिनल. रंग का सोडला, तर आपल्याकडं ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त सैन्याच्या गाड्यांना चालतो, केंद्रीय मोटार वाहन नियम 121. जुनी जीप घ्यायचा विचार असेल त्यानं हे आधी लिहून ठेवा. बाकी बाजूला कुऱ्हाड आणि फावडं, मागं स्टेपनी, तिच्या शेजारी जेरीकॅन. रंकाळ्यावर चहाला थांबलो तर लोक येऊन फोटो काढायला लागले. आमच्या छात्या फुगल्या.

आदल्या रात्री आम्ही एक शहाणपणा केला होता. सीटखालचं जड सामान काढून मामांच्या गॅरेजमध्ये ठेवलं. जॅक, टामी, एक जाडजूड सोल, एक लाकडी फळी. त्या जागेत तांबड्या-पांढऱ्याची पातेली बरोब्बर बसली.

पन्हाळ्याच्या मागं, बाजारभोगावच्या पुढं एका वाडीकडं जाणारा कच्चा रस्ता आहे. मुद्दाम रस्त्यानंच गेलो. मसाई पठारावर गाडी घालणाऱ्यातले आम्ही नाही. सड्यावरच्या दोन इंच मातीत जी फुलं येतात ती एका चाकाच्या वळणात जातात. असो, तो वेगळा भाग. तर रस्त्यात ओढा लागला. पाणी गुडघ्याएवढं. मित्रानं गिअर टाकला, घातली पाण्यात, आणि मधोमध इंजिन बंद.

पंख्यानं पाणी उडवलं, डिस्ट्रिब्यूटर भिजला, ठिणगी गेली. कोरडं फडकं लागतं पुसायला. आमच्याकडं फडकं नव्हतं. शेवटी एकाचा बनियन कामाला आला. गाडी सुरू झाली, पण मागची चाकं जाग्यावर फिरायला लागली. लिव्हर तर फोर बाय फोरला होती! मग लक्षात आलं, पुढच्या चाकांचे हब हातानं लॉक करावे लागतात, आणि ते कुणी केलेच नव्हते. म्हणजे इतका वेळ आम्ही दोन चाकांची जीप चालवत होतो. हब लॉक केले तोवर मागचं एक चाक एक्सलपर्यंत गाळात गेलेलं.

मी ऐटीत उतरलो आणि बाजूचं फावडं ओढलं. आलं नाही. पट्टा सोडून परत ओढलं. तरी नाही. वाकून बघतो तर काय, चोरीला जाऊ नये म्हणून मामांनी त्याला दोन टाके मारलेले. वेल्डिंगचे.

हसू येतंय ना? आम्हालाही आलं असतं. पण तेवढ्यात पलीकडच्या काठावर दुधाचा टेम्पो येऊन उभा राहिला. वाडीतनं बाहेर यायला तो एकच रस्ता, आणि त्याच्या मधोमध आमची फोटोतली जीप.

त्यांना तिथंच उभं करून आपण जरा मागं जाऊ, 1940 मध्ये.

अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी छोटी गाडी हवी होती. बॅण्टम नावाच्या छोट्या कंपनीनं 49 दिवसांत नमुना बनवला आणि 23 सप्टेंबर 1940 ला, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मेरिलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला नेऊन दिला. पुढं मोठी ऑर्डर मिळाली विलीज आणि फोर्डला, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. साठ हॉर्सपॉवर. आजच्या साध्या हॅचबॅकला याहून जास्त असते. मग एवढं नाव कशाचं?

माझं मत सांगतो. ती जीप गाडी कमी आणि यादी जास्त होती. ड्रायव्हरच्या बाजूला बाहेरून कुऱ्हाड आणि फावडं, पट्ट्यानं बांधलेलं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हत्यारांचे कप्पे. मागं स्टेपनी आणि तेलाचा कॅन. हेडलाइटची तर गंमतच आहे. एक खिट्टी सैल केली की दिवा मागं वळतो आणि उजेड थेट इंजिनावर पडतो. म्हणजे डिझाइन करणाऱ्यानं धरूनच चाललं होतं की ही गाडी रात्री, कुठंतरी अंधारात बंद पडणार आहे. गाडी बंद पडणार नाही असं तो म्हणत नव्हता. पडली तर काय, याचं उत्तर त्यानं पत्र्यावर बसवून दिलं होतं.

काही उत्तरं नंतर बसली. इटलीत आणि फ्रान्समध्ये जर्मन सैनिक रस्त्यावर आडवी बारीक तार ताणून ठेवत. उघड्या जीपमध्ये काच खाली पाडून बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. मग जीपच्या पुढच्या बंपरवर एक उभा लोखंडी पट्टा वेल्ड व्हायला लागला, वर आकड्यासारखा वाकवलेला. तार त्यात अडकून तुटायची. जुन्या फोटोंत हा पट्टा दिसतो आणि आपल्याला वाटतं, अँटेना असेल.

आता जेरीकॅन. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती एका ट्रिपची आहे, आणि ट्रिपला निघताना विसरलेल्या वस्तूची.

1939 चा उन्हाळा. पॉल प्लाइस नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर बर्लिनमध्ये नोकरीला. त्यानं एका जर्मन सहकाऱ्याला पटवलं की सुट्टीत गाडीनं जाऊ या, थेट हिंदुस्थानात! दोघांनी चासी विकत घेतली, तिच्यावर स्वतः बॉडी बांधली. सगळं झालं आणि निघायच्या वेळी लक्षात आलं की अडीअडचणीला लागणाऱ्या पाण्याची सोयच केलेली नाही. वाळवंटातनं जायचं आणि पाणी विसरले! जर्मन दोस्ताला माहीत होतं की टेंपलहोफ विमानतळावर सैन्याचे नव्या पद्धतीचे कॅन हजारोंनी ठेवलेत. त्यानं सरळ तीन उचलले आणि गाडीखाली बसवले.

तो कॅन म्हणजे जर्मनांचं गुपित होतं. वीस लिटरचा, वेल्ड केलेला, चेपला तरी गळत नाही. झाकण हातानं खटक्यात उघडतं. वर तीन दांड्या, म्हणजे एकट्यानं उचला नाहीतर दोघांनी मिळून, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन. दोघं अकरा देशांच्या हद्दी ओलांडून आले. वाटेत गोअरिंगनं विमान पाठवून जर्मन इंजिनिअरला परत बोलावलं, पण जाण्याआधी त्यानं प्लाइसला कॅनची सगळी माहिती दिली. प्लाइस एकटा कलकत्त्यापर्यंत आला, गाडी तिथं ठेवली आणि अमेरिकेला परत गेला. तिथल्या अधिकाऱ्यांना कॅनबद्दल सांगितलं तर नमुना नाही म्हणून कुणी लक्ष देईना. शेवटी अख्खी गाडीच जहाजानं मागवून घेतली. 1940 च्या उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कला पोचली, तीन कॅनसकट.

मग अमेरिकेनं नक्कल केली का? केली, पण आपलं डोकं लावून. एक कॅन पुढं त्याच कॅम्प होलाबर्डला गेला, जिथं जीप तपासली होती. तिथं वेल्डचा जोड काढून दुमडलेल्या पत्र्याचा जोड घातला, आणि झाकण असं केलं की उघडायला पाना आणि ओतायला नरसाळं लागणार. पाना घरी राहिला की तेल असून गाडी उभी! आमच्या मामांनी फावड्याला टाके मारले त्यात नवीन काही नव्हतं म्हणायचं.

ब्रिटिशांचं त्याहून वाईट. त्यांच्याकडं चार गॅलनचे पातळ पत्र्याचे चौकोनी डबे. आपल्या आज्जीच्या काळातला घासलेटचा डबा आठवा, साधारण तसलाच प्रकार. घरात ठीक आहे, पण ट्रकमध्ये एकावर एक रचून दगडगोट्यांच्या वाळवंटातनं नेले की फुटणारच. उत्तर आफ्रिकेतल्या सैन्याचे सेनापती ऑकिन्लेक यांनी नोंदवलंय की तळापासून वापरणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर 30 टक्के पेट्रोल वाया जायचं. हेच ऑकिन्लेक नंतर हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. त्या वाळवंटात आपली माणसंही होती. जून 1942 मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा आत मराठा पलटणीची दुसरी बटालियन होती. आपल्याकडच्या कितीतरी गावांत आजही घरटी एक माणूस मिलिटरीत. त्यातल्या कुणाच्या तरी पणज्यानं ते गळके डबे वाहिले असतील. शत्रूचे कॅन हाती लागले की सैनिक आपले डबे टाकून तेच वापरायचे. जेरी म्हणजे जर्मन, इंग्रज सैनिकांच्या भाषेत. म्हणून जेरीकॅन.

आणि हो, स्टेपनी. हा शब्द आपण, ट्रकवाले, वडापवाले, सगळे वापरतो, पण तो आला कुठनं? सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. 1904 च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावात डेव्हिस नावाच्या दोन भावांनी जोडचाक काढलं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. रस्त्याचं नाव चाकाला पडलं आणि आपल्याकडं ते टिकलं.

युद्ध संपल्यावर उरलेल्या जीपा डिस्पोजलमध्ये निघाल्या. 1940 च्या दशकाच्या शेवटी महिंद्रानं मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच, बरं का. 1948, काश्मीरची लढाई चालू, लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी 80 लाखांचा जीप खरेदीचा करार केला, नेहमीची पद्धत बाजूला ठेवून. आल्या 155, आणि त्याही वापरण्यालायक नाहीत असं ठरलं. 1955 मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं. जबलपूरची जोंगा त्यानंतरची, निसानच्या परवान्यावर बनलेली. तिच्या चार लिटरच्या पेट्रोल इंजिनानं किती मालकांचे खिसे रिकामे केले ते तुमच्या गावातल्या जोंगावाल्याला विचारा.

पण डिस्पोजलमधनं गाडी बाहेर येते तेव्हा नेमकं काय येतं? चासी येते, इंजिन येतं. सैन्यात त्या गाडीभोवती जे होतं ते येत नाही. हे मला त्या ओढ्यात कळलं, आणि ते सांगणारा माणूस दुधाच्या टेम्पोतनं उतरला.

सत्तरी ओलांडलेले आबा. पायजमा वर धरून पाण्यात आले. आधी गाडीकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"गाडी लई भारी आणलीसा. सामान कुठं हाय?"

आम्ही गप्प. मित्र म्हणाला, "आबा, जॅक घरी ऱ्हायला."

"आणि ह्ये फावडं?"

त्यांनी हात लावून बघितलं. टाके दिसले. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आबा सैन्यात ड्रायव्हर होते. टेम्पोतनं पोरं बोलावली, वाडीतनं ट्रॅक्टर मागवला. तो येईपर्यंत दगड आणि काटक्या चाकाखाली कोंबत ते आम्हाला सांगत होते. गाडी काढायच्या आधी फर्स्ट परेड. तेल, पाणी, हवा, आणि सामान एकेक हातात घेऊन बघायचं. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, चाकावर हात ठेवायचा, गरम आहे का ते बघायला. परत आलं की लास्ट परेड. जेवण त्यानंतर. "एक पाना कमी निघाला तर समद्या लायनीला उभं करायचे," आबा म्हणाले. मी विचारलं, रोज? "मग काय सणाला?"

ट्रॅक्टर आला, पण सोल आखूड पडली. दुसरी आणायला माणूस परत वाडीत. सगळं मिळून पावणेतीन तास. टेम्पोत सकाळचं दूध होतं, आणि ऊन नसलं तरी उकाडा होता. टेम्पोवाला मिनिटामिनिटाला झाकण उघडून वास घेत होता. जीप निघाली तसा तो भरधाव गेला. संध्याकाळी मित्रानं फोन केला तेव्हा कळलं, तीन कॅन परत आले होते. एका कॅनात चाळीस लिटर. त्यात कुणाचं चार लिटर, कुणाचं सहा. दहा दिवसांच्या बिलातनं ते जाणार होतं, आणि ज्यांचं गेलं त्यांनी आमची जीप बघितलेलीही नव्हती.

पुढच्या रविवारी पैसे घेऊन गेलो. ज्यांचं दूध गेलं त्यांनी घेतले, मोजून घेतले, आणि बरोबर केलं. आबांनी मात्र ट्रॅक्टरच्या डिझेलचे घेतले नाहीत. म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. माझी सोल तुमच्या गाडीत ऱ्हायलीया, तेवढी टाका."

सोल खरंच आमच्याकडं होती. आणि त्या दिवशी ती परत न्यायचीही आम्ही विसरलो होतो. तिसऱ्या फेरीत दिली.

फावड्याचे टाके मामांनी उद्यमनगरात ग्राइंडरनं तोडून घेतले. पट्टा नवीन लावलाय. कुऱ्हाड अजून वेल्ड केलेलीच आहे, त्यावर घरात वाद चालू आहे.

तुमच्या घरात, भावकीत कुणी सैन्यात गाडी चालवली असेल तर त्यांना फर्स्ट परेडचं विचारा आणि दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. चला, येतो.