तारा उतरवून: ‘डर्ज’ची दहा वर्षं

पावसाळ्यात वेल्ह्यात ढोल वाजवायचा म्हणजे आधी शेकोटी करावी लागे. चामड्याचं पान ओलावलं की ढोल ‘बसतो’, थाप मारली तर नुसतं भप्प होतं. मग पान विस्तवाच्या उबेला धरायचं, दोऱ्या ओढायच्या आणि ढोल ‘चढवायचा’. फायबरची पानं आल्यापासून ही खटपट बरीच कमी झाली. ढोल चढवणाऱ्यांच्या या गावात राहून मी ज्या बँडच्या नादी लागलो, त्याचा सगळा जीव मात्र उतरवण्यात आहे.

‘डर्ज’ हा मुंबई-पुण्याचा बँड. २०१४च्या सुमारास त्यांनी वाजवायला सुरुवात केली. डर्ज म्हणजे मर्तिकाच्या वेळचं शोकगीत. आमच्या आजीनं ‘रडगाणं’ म्हणून एका शब्दात निकाल लावला असता. पॅरिसमध्ये याच नावाचा आणि जवळपास याच जातीचं वाजवणारा आणखी एक बँड १९९४ पासून २०१९ पर्यंत होता, त्यामुळे नवख्या श्रोत्याची गल्लत ठरलेली. आपला डर्ज डूम आणि स्लज हे मेटलचे जड प्रकार वाजवतो, आणि त्यात पोस्ट-मेटलची लांब, हळूहळू चढत जाणारी बांधणी मिसळतो. मेटल म्हणजे धडाधड वेग, ही समजूत इथे चालत नाही. ही विलंबित लय आहे. एक ठोका पडतो, तो विरत जातो, दुसरा येईपर्यंत माणूस अस्वस्थ होतो.

या संगीताचं मूळ एका अपघातात आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमी या गिटारवाल्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो नेमका हाच हात. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे तारा सैल केल्या, म्हणजे दाबायला त्रास कमी. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडच्या १९७१च्या तिसऱ्या अल्बमात गिटार दीड स्वर खाली उतरलेली ऐकू येते. सोय म्हणून केलेल्या गोष्टीची पुढे शैली झाली. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या ‘न्यूरोसिस’नं आणि त्यांच्यामागून बॉस्टनच्या ‘आयसिस’नं त्या जडपणाला लांबलचक शांत जागांची जोड दिली. पोस्ट-मेटल म्हणतात ते हे.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. मुंबईत १९८६ साली ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉकचा जलसा सुरू झाला. धोबी तलावाच्या रंगभवनात पोरं उघड्यावर डोकी झुलवायची. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन मुकं झालं. २००० साली निघालेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’सारख्या बँडांनी मुंबईत मेटलचा तंबू उभा धरला, पण त्या तंबूत पत होती ती वेगाला. संथ वाजवणारे थोडे. मुंबईत ‘डॉर्मंट इन्फर्नो’ आणि ‘प्रिमिटिव्ह’, बेंगळुरूत ‘जिन अँड मिस्कॅटॉनिक’ आणि ‘बेवर सी’. या शेवटच्या नावात समुद्र शोधू नका. ते कानडी ‘बेवर्सी’ आहे, म्हणजे आपला बेवारशी. संथ वाजवणाऱ्यांना याहून चपखल नाव मिळालं नसतं.

डर्जचा पहिला अल्बम २०१८च्या जानेवारीत आला, ‘आह पुच’. माया संस्कृतीतल्या मृत्युदेवाचं हे नाव, आणि सगळी गाणी त्याच विषयात गोवलेली. तेव्हा मी जरा वैतागलोच होतो. घरात यम, वेताळ, म्हसोबा असे एकाहून एक हजर असताना मरण आणायला थेट मध्य अमेरिका गाठायची? नंतर वाटलं, म्हसोबाला नारळ देत वाढलेल्या माणसाला त्याच्यावर गाणं रचताना हात आखडता घ्यावाच लागतो. परक्या देवाशी मोकळेपणानं वागता येतं. अल्बममधला आवाज तरी चांगला अंगावर येतो. गायक घसा खरवडून ओरडतो, आणि शब्द कळले नाहीत तरी काही अडत नाही.

मग सहा वर्षं गेली. मधली दोन करोनाची. या संगीतावर पोट भरत नाही. या वर्तुळातले बहुतेक जण नोकरीधंदा सांभाळून वाजवतात. पुण्यात २०१० पासून ‘एनएच सेव्हन वीकेंडर’सारखे जलसे झाले, तरी डूम ऐकायला येणारी गर्दी ती केवढी? एकमेकांना चेहऱ्यानं ओळखणाऱ्यांची.

दुसरा अल्बम २०२४ साली आला. त्याच वर्षी आमच्या तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड करायचा निर्णय झाला, आणि बँडनं अल्बमला स्वतःचंच नाव ठेवलं: ‘डर्ज’. चारच गाणी. सुरुवात ‘कंडेम्ड’नं. मायांचा देव गेला, मोठी कथा गेली. राहिलं ते माणसाच्या आतलं दुःख आणि पोकळी. माझ्या मते हा अल्बम पहिल्यापेक्षा सरस आहे. पहिल्यात सांगण्याची घाई होती. इथे ते एकच सुरावट इतका वेळ घोळवतात की ती संपल्यावर तिची सवय मोडायला एक क्षण लागतो.

हा दुसरा अल्बम मी नीट ऐकला पाबे घाट उतरून आल्यावर, गाडीतच. वीज गेलेली, तोरणा ढगात, काचेवर पाण्याची धार. ढोल वाजवण्यात हयात गेलेले शेजारचे तात्या पावसाला चुकवायला शेजारच्या सीटवर येऊन बसले. ‘बंद कर’ म्हणतील असं वाटलं होतं. ते गुडघ्यावर बोट ठेवून ठोक्याची वाट बघत राहिले. दोनदा बोट आधी पडलं, तिसऱ्यांदा बरोबर पडलं.

“पान ओलं झालंय काय रं ह्यांचं?”

“नाही तात्या, मुद्दाम उतरवतात.”

“मुद्दाम?”

गाणं संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग दार उघडलं, डोक्यावर पोतं घेतलं आणि पडवीतल्या ढोलावर घोंगडी टाकायला गेले.