आरमाराची डोलकाठी व रयतेची झाडे

मराठ्यांच्या आरमाराचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा गुराबा व गलबते किती होती, तोफा कोणत्या होत्या आणि लढाया कोठे झाल्या, या प्रश्नांकडे जाते. एकदा बांधलेले गलबत वर्षानुवर्षे चालते कसे ठेवावयाचे, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहिला आहे. वास्तविक जहाजाचे सागवानी अंग दीर्घकाळ टिके. परंतु डोलकाठी, शीड व दोर हा त्यावरील सरंजाम सतत झिजणारा असे. जुन्या गलबताचे आयुष्य त्याच्या बदलीवर अवलंबून होते.

या सरंजामातील प्रत्येक वस्तूची अडचण निराळी. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो, पण गोड्या पाण्याने कुजतो. म्हणून तो पावसाळ्यापूर्वी उतरवून ठेवावा लागे. तथापि दोर तुटल्यास तो सांधता येतो, शीड फाटल्यास ठिगळ लावता येते. शीड ज्या तिरप्या काठीस बांधतात, ती तुकडे एकमेकांस जखडूनही करता येते. गलबताच्या डोलकाठीस मात्र सरळ, लांब व निर्दोष असा सोट लागतो, आणि तसा वृक्ष वाढण्यास पिढ्या जातात.

ही टंचाई राज्यकर्त्यांना जाणवत होती, याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात आरमारासाठी फळ्या, सोट व डोलकाठ्या यांचे मोठे लाकूड लागते, असे सांगून ते मिळविण्याचा क्रम घालून दिला आहे. स्वराज्यातील अरण्यातले सागवानादी वृक्ष हुजूरच्या परवानगीने तोडावे. अधिक लागेल ते परमुलुखातून विकत आणावे. रयतेने जोपासलेल्या आंबा-फणसांस हात लावू नये. झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन ते न्यावे; जबरदस्ती करू नये. हा मजकूर पुष्कळदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून उद्धृत होतो, ते बरोबर नाही. मात्र अमात्य १६७४ च्या अष्टप्रधानांत होते. त्यामुळे शिवकालीन अनुभवाची छाया त्यावर असणे स्वाभाविक आहे.

या आज्ञेचा अर्थ केवळ उदारतेच्या अंगाने लावणे पुरेसे नाही. निषेध बहुधा अशाच गोष्टीचा केला जातो, जी घडत असते किंवा घडण्याचे भय असते. आंबा-फणसाची डोलकाठी सहसा होणार नाही. त्यांचे लाकूड फळ्यांसारख्या कामांचे. पण मोडके जहाज लवकर सज्ज करण्याची निकड असलेल्या कामगारास दूरच्या रानापेक्षा किनाऱ्यावरील वाडीच जवळची वाटणार, हे उघड आहे.

याच संदर्भात इंग्लंडच्या आरमाराकडे पाहणे उद्बोधक ठरते. त्याच्या डोलकाठ्यांचे लाकूड बाल्टिक प्रदेशातून व अमेरिकेतील न्यू इंग्लंडमधून येई. मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेने, पूर्वी खाजगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरील २४ इंच व त्याहून अधिक व्यासाची झाडे राजासाठी राखून ठेविली. पुढे हे निर्बंध वाढत गेले. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरात या पाइन वृक्षांवरून दंगा झाला, आणि १७७५ च्या उठावानंतर तेथील पुरवठा खुंटला. इंग्रजांच्या सनदेने सरकारचा हक्क झाडावर ठेविला; आज्ञापत्राने रयतेच्या झाडापुरता तो सोडून दिला.

अर्थात आज्ञापत्र हा नीतिग्रंथ आहे, जमाखर्च नव्हे. त्यातील नियम किती पाळले गेले, हे त्यावरून ठरविता येणार नाही. त्यासाठी बंदरांच्या व किल्ल्यांच्या हिशेबांतील लाकूड, काथ्या व कापड यांच्या नोंदींकडे वळले पाहिजे. आरमाराचे सामर्थ्य किती होते, हे तोफांच्या संख्येवरून कदाचित कळेल. त्या सामर्थ्याचे मोल कोणी दिले, हे मात्र मोडलेली डोलकाठी कोठून बदलली, यावरूनच कळेल.